चर्चा: 'स्वयम्'वर केलेल्या मोफत अभ्यासक्रमाची क्रेडिट्स पदवीत धरावीत का?

उंबरठा (धागाकर्ता)

जुलै उजाडला की कॉलेजांच्या सूचनाफलकांवर कागद लागतात: अमुक विषय यंदा 'स्वयम्'वरून, नोंदणी मोफत, परीक्षेचं शुल्क ज्याचं त्याने भरायचं. 'स्वयम्' म्हणजे केंद्र सरकारचं मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांचं पोर्टल. ९ जुलै २०१७ रोजी ते सुरू झालं. त्यातला अभियांत्रिकी-विज्ञानाचा मोठा भाग एनपीटीईएल या व्हिडिओ-व्याख्यानांच्या प्रकल्पाचा. सात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था २००३ पासून तो चालवत आल्या आहेत. यूजीसीने २०१६ च्या नियमांत एका सत्रातले २० टक्क्यांपर्यंत विषय असे घ्यायला परवानगी दिली आणि २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्क्यांवर नेली. म्हणजे पाच विषयांतले दोन. त्यामुळे आता हा हौसेचा प्रश्न उरलेला नाही, पदवीच्या गाभ्याचा झाला आहे.

माझं म्हणणं आधीच स्पष्ट सांगतो. त्या विषयासाठी आठवड्यातून निदान एक तास स्थानिक शिक्षक वर्गात बसेल आणि तो तास वेळापत्रकात छापलेला असेल, तरच ही क्रेडिट्स पदवीत धरावीत. नाहीतर धरू नयेत.

व्याख्यानांच्या दर्जाबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. अडतं ते व्याख्यान संपल्यावर. एक साधं सर्किट घ्या: १० व्होल्टची बॅटरी, तिला एकापुढे एक जोडलेले २ आणि ३ ओहमचे दोन रोध. फेरीचं समीकरण १० − २आय − ३आय = ०, म्हणून प्रवाह २ अँपिअर. आता एखाद्या मुलाने दुसऱ्या रोधापाशी पोचताना दिशा मनात उलटी धरली आणि १० − २आय + ३आय = ० असं लिहिलं. उत्तर येतं उणे १० अँपिअर. असाइनमेंट त्याला एवढंच सांगते की पर्याय चुकला. तो फोरमवर विचारतो, दोन दिवसांनी उत्तर येतं, 'सातवं व्याख्यान पुन्हा पाहा.' तो पाहतो. व्याख्यान बरोबरच आहे, पण त्याच्या वहीतल्या तिसऱ्या ओळीतलं चिन्ह त्यात कुठून दिसणार? शिक्षक वहीवर बोट ठेवतो आणि अर्ध्या मिनिटात काम होतं. 'स्वयम्'च्या रचनेत व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वयंचाचणी आणि चर्चामंच असे चार भाग आहेत. वही बघणारं त्यांत कुणीच नाही.

शिवाय नापास झालं तर काय, हे नोंदणीच्या वेळी कुणी सांगत नाही. एनपीटीईएलची परीक्षा पुन्हा द्यायची तर तो अभ्यासक्रम पुन्हा सुरू होईपर्यंत थांबावं लागतं आणि शुल्क पुन्हा भरावं लागतं. बरेच अभ्यासक्रम वर्षातून एकदाच येतात. विद्यापीठाच्या पेपरची एटीकेटी सहा महिन्यांत सुटू शकते, ही वर्षभर मानेवर बसते.

बोला.

शेषफल

पूर्ण असहमत. तुमची अट ऐकायला चांगली आहे, पण तिचा फटका नेमका चुकीच्या मुलांना बसेल. ज्या कॉलेजात त्या विषयाचा शिक्षक आहे, त्याला 'स्वयम्'ची फारशी गरज नसते. जिथे मशीन लर्निंग किंवा कंपोझिट मटेरिअल्स शिकवणारं कुणीच नाही, तिथे तुमची अट लावली तर मुलांना तो विषयच मिळणार नाही. शिक्षक असेल तरच मोफत अभ्यासक्रम घ्या म्हणणं म्हणजे विहीर असलेल्यालाच टँकर देणं झालं.

दुसरं, यातून कच्चं पोर पुढे जाईल ही भीती. एनपीटीईएलची गुणपद्धत बघा. असाइनमेंटला २५ गुण, केंद्रावर संगणकासमोर पर्यवेक्षकाच्या देखत होणाऱ्या परीक्षेला ७५. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम आठ असाइनमेंटची सरासरी धरतात, आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम सहांची. प्रमाणपत्रासाठी दोन अटी स्वतंत्रपणे पुऱ्या व्हाव्या लागतात: २५ पैकी किमान १० आणि ७५ पैकी किमान ३०. असाइनमेंटमध्ये पैकीच्या पैकी मिळाले, पण परीक्षेत २९ पडले, तर प्रमाणपत्र नाही. अंतर्गत गुणांच्या जोरावर पेपर काढून देण्याची वाट इथे मुळातच बंद आहे. आपल्या किती पेपरांबद्दल असं म्हणता येईल?

आणि वही बघणारं नसलं, तरी ऐकणारं आहे. पंतप्रधान संशोधन फेलोशिप घेणारे पीएचडीचे विद्यार्थी अनेक एनपीटीईएल अभ्यासक्रमांसाठी दर आठवड्याला थेट ऑनलाइन सत्रं घेऊन उदाहरणं सोडवून दाखवतात. तिथे वही कॅमेऱ्यासमोर धरून शंका विचारता येते. कॉलेजं या सत्रांची वेळ मुलांना कळवत नाहीत, तर तो दोष अभ्यासक्रमाच्या माथी का?

अनुस्वार

शेषफल, गुणपद्धत तुम्ही बरोबर सांगितलीत, पण हिशोब अर्ध्यावर सोडलात. तो पुरा करू.

असाइनमेंट बहुपर्यायी असते आणि मुदत बहुधा बुधवारी रात्रीपर्यंत. मुदत संपायच्या आत तिची उत्तरं यूट्यूबवर आणि टेलिग्रामच्या गटांवर फिरत असतात, 'एनपीटीईएल', विषयाचं नाव आणि आठवड्याचा क्रमांक टाकला की समोर. आता दोन मुलं धरा. पहिल्याने सगळी उत्तरं उतरवली, २५ पैकी २५. दुसऱ्याने स्वतः डोकं चालवलं, २५ पैकी १५. प्रमाणपत्रावरच्या 'एलिट' (वरची श्रेणी) शिक्क्यासाठी एकूण ६० लागतात. पहिल्याला परीक्षेत ७५ पैकी ३५ पुरतात, म्हणजे ४७ टक्क्यांच्या आत. दुसऱ्याला ४५ हवेत, म्हणजे पूर्ण ६० टक्के. परीक्षेत जेमतेम ३० मिळवणारा पहिला ५५ वर पोचतो. खरा दुसरा त्याच ३० वर ४५ ला थांबतो. नापास व्हायचा तो नापासच होतो, हे तुमचं म्हणणं खरं. पण पास झालेल्यांत जो प्रामाणिक आहे त्याला ही पद्धत दहा गुणांचा दंड करते. हे मला अजिबात पटत नाही. हे गुण सीजीपीएत जातात आणि त्यावर पुढे प्लेसमेंटची चाळणी लागते.

शेषफल

हिशोब मान्य. मग उपाय चुकीवर करू, क्रेडिटवर कशाला? एनपीटीईएलच्या प्रमाणपत्रावर असाइनमेंटचे २५ पैकी आणि परीक्षेचे ७५ पैकी गुण वेगवेगळे छापलेले असतात. कॉलेजने अंतर्गत शिष्यवृत्ती किंवा प्लेसमेंटची यादी करताना एकूण आकडा न घेता परीक्षेचेच गुण शेकड्यात घ्यावेत. ३५ ला ७५ ने भागा, ४६.७ येतात. तो 'एलिट' शिक्का तिथल्या तिथे उतरतो. यासाठी यूजीसीची परवानगी लागत नाही, एक्सेलमध्ये एक रकाना वाढवावा लागतो.

लोहचुंबक

क्रेडिट आणि गुण यांतच सगळे अडकलात, म्हणून जरा मागे जाऊन बोलतो.

२०१२ मध्ये एमआयटीने 'सर्किट्स अँड इलेक्ट्रॉनिक्स' हा आपला पहिला जगभरासाठीचा मोफत अभ्यासक्रम चालवला. नोंदणी १,५४,७६३ जणांची, प्रमाणपत्र मिळवलं ७,१५७ जणांनी. जवळपास ४.६ टक्के. तेव्हापासून आजतागायत हा आकडा मोफत शिक्षण फसल्याचा पुरावा म्हणून दाखवतात. मला तो वेगळा दिसतो. नोंदणी म्हणजे एक क्लिक. ग्रंथालयात पुस्तक चाळून परत ठेवणाऱ्याला आपण नापास म्हणत नाही. ७,१५७ ही संख्या वर्गाच्या मापाने मोजा. वर्षाला ६० मुलांची एक तुकडी धरली आणि सगळीच्या सगळी पास झाली असं मानलं, तरी एवढी मुलं पास करायला एका प्राध्यापकाला ११९ वर्षांहून जास्त लागतील.

माझ्या लेखी या साहित्याचं सोनं प्रमाणपत्रात नाहीच, परवान्यात आहे. मोफत आणि मुक्त यांतला फरक आपण मराठी बोलणाऱ्यांनी तरी गमावू नये, कारण दोन शब्द आपल्याकडे आयते आहेत. मोफत म्हणजे आज पैसे नाहीत, उद्या लागतील. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठाचंच बघा. हार्वर्ड आणि एमआयटीने ना-नफा म्हणून सुरू केलं, पुढे मोफत पाहणाऱ्यांसाठी गुणांकित असाइनमेंट बंद झाल्या आणि २०२१ मध्ये ते टू-यू या कंपनीला ८० कोटी डॉलरना विकलं. ती कंपनी २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या कोर्टात उभी होती. मुक्त म्हणजे ते साहित्य उतरवून घ्यायचा, कापायचा, बदलायचा, भाषांतर करायचा आणि पुढे वाटायचा हक्क. उद्या कंपनी बुडो की पोर्टल बंद पडो, तुमच्या हातातली प्रत कायद्याने तुमची राहते. (नाशिकच्या मुक्त विद्यापीठातला 'मुक्त' आणखी तिसरा. तिथे प्रवेशाची अट सैल, साहित्य मुक्त असेलच असं नाही.)

एनपीटीईएलचं साहित्य क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त परवान्यांपैकी श्रेयनामावली-समानवाटप परवान्याखाली आहे, म्हणजे मूळ कर्त्याला श्रेय द्या आणि बदललेली प्रतही त्याच अटींवर वाटा. एमआयटीच्या ओपन कोर्सवेअरच्या, म्हणजे तिथल्या खुल्या अभ्याससाहित्याच्या, परवान्यात 'अव्यापारी' ही जादा अट आहे. म्हणून या दोन्हींतले तुकडे जोडून एकच नवी पुस्तिका करता येत नाही. एक परवाना म्हणतो पुढेही अव्यापारीच ठेवा, दुसरा म्हणतो माझ्याच अटींवर द्या आणि जादा अट घालू नका. दोन स्वतंत्र प्रकरणं शेजारी ठेवता येतात, एकात एक मिसळता येत नाहीत. दुसरा खड्डा म्हणजे व्याख्यानात दाखवलेल्या पाठ्यपुस्तकांतल्या आकृत्या. त्यांचे हक्क प्रकाशकाकडेच राहतात. त्या आपल्या हाताने नव्याने काढा. पहिल्या पानावर मूळ अभ्यासक्रमाचं नाव, प्राध्यापकाचं नाव, परवाना आणि तुम्ही काय बदललं, एवढ्या चार गोष्टी लिहा.

हे केलं तर एखाद्या तालुक्याच्या कॉलेजातला शिक्षक अर्ध्या तासाच्या व्याख्यानाचे तीन तुकडे करून मधे स्वतःची गणितं घालू शकतो. उंबरठा, तुमचा वही बघणारा शिक्षक तो हाच. पण त्यासाठी 'स्वयम्'ची क्रेडिट्स कशाला हवीत? व्हिडिओ वापरा, पेपर विद्यापीठाचाच द्या.

तासिका

मला उंबरठा यांची अटसुद्धा अपुरी वाटते. लोहचुंबक म्हणतात तालुक्याच्या कॉलेजातला शिक्षक तुकडे करेल. कोणता शिक्षक? महाराष्ट्रात कितीतरी वर्ग तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर चालतात. त्यांना वर्गात घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात. व्हिडिओ कापायचे, शंकांना उत्तरं द्यायचे नाहीत. आणि एखादा विषय 'स्वयम्'वर गेला की कार्यभारातून आठवड्याचे तीन-चार तास वजा होतात. कार्यभार कमी म्हणून पद भरायचं नाही, पद नाही म्हणून पुढचा विषयही 'स्वयम्'वर. हे चक्र एकदा फिरायला लागलं की थांबत नाही.

ही शंका काही इथलीच नाही. २०१३ च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने हार्वर्डच्या मायकेल सँडल यांना खुलं पत्र लिहून त्यांचा न्यायविषयक एडएक्स अभ्यासक्रम वर्गात वापरायला नकार दिला. त्यांची भीती अशी की श्रीमंत विद्यापीठांत प्राध्यापक राहतील आणि सरकारी विद्यापीठांतल्या मुलांना त्यांच्या चित्रफिती मिळतील.

याच विद्यापीठात त्या सुमारास आणखी दोन प्रयोग झाले, ते शेजारी ठेवून पाहा. एक युडासिटी या ऑनलाइन शिक्षणाच्या कंपनीसोबत: मूलभूत गणित, बीजगणित आणि संख्याशास्त्र पूर्ण ऑनलाइन. पहिल्या सत्रात पास होणाऱ्यांचं प्रमाण वर्गातल्यापेक्षा बरंच घसरलं आणि जुलै २०१३ मध्ये तो थांबवला गेला. दुसरा, लोहचुंबक यांनी सांगितलेल्याच एमआयटीच्या सर्किट्सचा. व्याख्यानं मुलांनी घरी पाहायची, वर्गात प्राध्यापकासमोर गटाने गणितं सोडवायची. तिथे ९१ टक्के पास झाले, नेहमीच्या पद्धतीच्या वर्गात ५९. विद्यापीठ एकच, काळ जवळपास तोच. पहिल्यात वर्गातला प्राध्यापक काढून टाकला होता, दुसऱ्यात ठेवला होता.

त्या ७,१५७ बद्दलही एक. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने २०१३ मध्ये कोर्सेरा या ऑनलाइन व्यासपीठावरच्या आपल्या विद्यार्थ्यांची पाहणी केली, तेव्हा पाचांतल्या चारांहून जास्त जणांकडे आधीच पदवी होती. ज्याला अभ्यास कसा करायचा हे ठाऊक आहे त्याला हे साहित्य फळतं. आपण बोलतोय एफवाय-एसवायच्या पोरांबद्दल.

लोहचुंबक

तासिका, युडासिटीच्या प्रयोगाची दुसरी बाजूही सांगा. त्याच वर्षीच्या उन्हाळी सत्रात निकाल बराच सुधारला. अर्थात त्या सत्रात बसलेल्यांत पदवीधर बरेच होते, म्हणजे तुमच्या शेवटच्या परिच्छेदाला ते बळकटीच देतं. हे मी मान्य करतो. पण पदवीधरांना फळतं म्हणून ते निरुपयोगी ठरत नाही. शाळामास्तर, पॉलिटेक्निकचे अधिव्याख्याते, नोकरीतले ज्युनिअर इंजिनीअर या सगळ्यांना ते हवंच आहे.

रानजाई

इतका वेळ भाषेबद्दल कुणीच बोललं नाही, याचं नवल वाटतं. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलीला तासाभराचं इंग्रजी व्याख्यान लावून दिलं तर ती आधी उच्चारांशी झगडते, मग विषयाशी.

एनपीटीईएल अनेक व्याख्यानांचा मजकूर मराठीसह इतर भारतीय भाषांत देतं, ही चांगली गोष्ट. पण भाषांतर यंत्राने केलं आणि विषयाच्या माणसाने ते तपासलं नाही, तर काय होतं? विजेच्या धड्यात 'करंट'चा 'सध्याचा' होतो, 'फील्ड'चं 'शेत' होतं, यंत्रशास्त्रातल्या 'मोमेंट'चा 'क्षण' होतो. 'पॉवर' तर गणितात घात आणि भौतिकीत शक्ती. वाक्य व्याकरणाने शुद्ध असतं, म्हणून चूक पटकन ध्यानात येत नाही. मुलगी ते तीनदा वाचते आणि आपल्यालाच समजत नाही असं ठरवते. याची मला सगळ्यात जास्त चीड आहे.

हे नीट करायची रीत आपल्याच मुंबईत आहे. आयआयटी मुंबईत प्रा. कण्णन मौद्गल्य यांनी उभा केलेला 'स्पोकन ट्यूटोरिअल' प्रकल्प पाहा. लिब्रेऑफिस, लिनक्स, पायथॉन, सायलॅब, लाटेक अशा खुल्या सॉफ्टवेअरचे सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ. आधी संहिता लिहितात. ती विषय न येणाऱ्या माणसाला देऊन बघतात. तो जिथे अडेल तिथे संहिता दुरुस्त होते आणि मगच ध्वनिमुद्रण. मराठी पाठात आवाज मराठी, पण पडद्यावरचे मेनू आणि बटणं इंग्रजीच, कारण मुलाच्या संगणकावरही तेच दिसणार. मराठी वाक्य इंग्रजीपेक्षा लांब होतं, म्हणून अनुवादकाला प्रत्येक वाक्य कितव्या सेकंदाला संपलं पाहिजे हे धरून लिहावं लागतं. आणि शिकायची पद्धत अशी: पडद्याच्या एका बाजूला पाठ, दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष सॉफ्टवेअर. एक पायरी पाहायची, पाठ थांबवायचा, करून बघायचं, पुढे जायचं. दहा मिनिटांच्या पाठाला अर्धा तास लागतो आणि तो लागायलाच हवा.

शेषफल, तुमची पर्यवेक्षकासमोरची परीक्षा कितीही कडक असली तरी ती इंग्रजीत असते. विषय येणारी पण इंग्रजी प्रश्न उलगडायला वेळ लागणारी मुलगी तिथे मागे पडते. म्हणून मराठी मजकुरात पारिभाषिक शब्द इंग्रजी पण देवनागरीत ठेवावेत असं माझं मत आहे: 'करंट म्हणजे विद्युतधारा' हे एकदा सांगायचं, पुढे करंटच. शुद्ध मराठीचा आग्रह मलाही प्रिय आहे, पण परीक्षेच्या दारात तिला एकटं सोडून नाही.

दोनओळी

नाव दोनओळी असलं तरी आज जास्त लिहितो, कारण 'इंटरनेट आता सगळीकडे आहे' हे गृहीत धरून सगळे बोलताहेत.

बारा आठवडे, आठवड्याला अडीच तास, म्हणजे ३० तासांचे व्हिडिओ. सेकंदाला ५०० किलोबिट या साध्या दर्जाला तासाला २२५ एमबी, एकूण पावणेसात जीबी. फळ्यावरची बारीक अक्षरं नीट वाचायची म्हणून १५०० किलोबिट घेतले तर २० जीबीच्या वर. नुसता आवाज ६४ किलोबिटने घेतला तर सगळा अभ्यासक्रम ८६४ एमबीत बसतो. रोजच्या डेटापॅकात हे भागतं असं वाटतं, पण घरात फोन एक आणि भावंडं तीन असली की नाही भागत.

एनपीटीईएलच्या संकेतस्थळावर जुन्या सत्रांचे व्हिडिओ, मजकूर आणि उत्तरांसह असाइनमेंट उतरवून घेता येतात. तेव्हा कॉलेजच्या ग्रंथालयाने सत्राआधी ते एकदा उतरवावेत आणि १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर साध्या दर्जाचे दोन विषय भरून द्यावेत. वेळ वाचतो, डेटा वाचतो आणि वीज गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर काम होतं.

शिक्षक नसेल तर गट करा. पाच ते आठ जण, एक लॅपटॉप, आठवड्यात दोन बैठका. दर आठ-दहा मिनिटांनी व्हिडिओ थांबवायचा आणि ज्याची पाळी असेल त्याने आत्ताचा भाग फळ्यावर मांडायचा. पाळी फिरती ठेवा. नाहीतर जो हुशार तोच बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात. अडलेली शंका लिहिताना व्याख्यान क्रमांक, मिनिट आणि स्वतः लिहिलेल्या ओळीचा फोटो द्या, तरच फोरमवर कामाचं उत्तर येतं. 'सर, हे समजलं नाही' याला 'व्याख्यान पुन्हा पाहा' हेच उत्तर मिळणार. गट फसतो तो दोन कारणांनी: सगळे दीडपट वेगाने व्हिडिओ लावतात, आणि असाइनमेंट 'मिळून' करतात, म्हणजे अ-ब-क-ड वाटून घेतात. असाइनमेंट प्रत्येकाने आधी एकट्याने, कागदावर सोडवावी. बैठकीत चर्चा फक्त जिथे उत्तरं जुळत नाहीत त्याच प्रश्नांची. उंबरठा यांच्या सर्किटमधलं उलटं चिन्ह अशा गटात सापडतं, कारण सातांचं उत्तर २ आणि एकाचं उणे १० येतं.

शेषफल

दोनओळी, फोटोची सूचना फार चांगली. उंबरठा, तुमच्या अटीवर एक व्यवहारी तोडगा सुचतो, बघा पटतो का. एनपीटीईएलचा १२ आठवड्यांचा अभ्यासक्रम ३ क्रेडिटचा, ८ आठवड्यांचा २ चा, ४ आठवड्यांचा १ चा. विद्यापीठाचा पेपर पुष्कळदा ४ क्रेडिटचा असतो. मग तीन आणि चारची सांगड घालताना कॉलेजं तो एक क्रेडिट सेमिनार किंवा उपस्थितीच्या नावाखाली कसाबसा उरकतात. तोच ट्युटोरिअल म्हणून मांडा. एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला एक तास. म्हणजे तुमचा वही बघणारा तास आपोआप वेळापत्रकात येतो आणि त्याचे गुण स्थानिक शिक्षक देतो. विषयाचा तज्ज्ञ नसला तरी शेजारच्या विषयाचा शिक्षक हा तास घेऊ शकतो. फेरीचं चिन्ह पाहायला व्हीएलएसआयमधली (चिप-रचनेतली) पीएचडी लागत नाही.

तासिका

हे मला पटण्यासारखं आहे, पण एका अटीवर. तो तास कार्यभारात धरला गेला पाहिजे आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला वर्गाच्या तासाच्याच दराने त्याचे पैसे मिळाले पाहिजेत. अभ्यास मंडळाच्या ठरावात 'ट्युटोरिअल, १ क्रेडिट, आठवड्यास १ तास' हे शब्द आले तर कॉलेजला तो तास कागदावर दाखवावाच लागतो. नुसतं 'मेंटर नेमावा' लिहिलं तर ते काम फुकटात कुणाच्या तरी गळ्यात पडतं. एनपीटीईएलच्या लोकल चॅप्टरमध्ये, म्हणजे कॉलेजातल्या तिच्या केंद्रात, समन्वयक आणि मेंटर ही पदं आधीपासून आहेत. पण कॉलेजांनी त्यांना वेळापत्रकात तास द्यायला नको का?

ठराव सत्राच्या आधीच व्हायला हवा. जुलैच्या सत्राचे अभ्यासक्रम कोणते ते आधी जाहीर होतात. त्यांची विद्यापीठाच्या पेपरशी घटकवार जुळणी करून कोणता घटक राहिला ते लिहून ठेवावं. हे न करता नोंदणी झाली की ऑक्टोबरच्या शेवटी परीक्षा, त्यानंतर निकाल, तोवर विद्यापीठाचं गुणपत्रक छापून झालेलं असतं आणि मुलाच्या नावापुढे निकाल 'राखीव' पडतो. शुल्काचंही तेव्हाच ठरवा. एका विषयाला १००० रुपये, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना निम्मे. विषय कॉलेजने सक्तीचा केला असेल तर तो भार कॉलेजनेच उचलावा.

उंबरठा

शेषफल, तोडगा मान्य. माझी अट मी 'शिक्षक असेल तरच' अशी मांडली होती. ती आता 'चार क्रेडिटच्या पेपरात तीन तिकडचे, एक इथला' अशी बदलतो. शेजारच्या विषयाचा शिक्षक चालेल, हेही पटलं. वही वाचता आली पाहिजे एवढंच.

अडचण उरते ती दोन क्रेडिटच्या पेपरांची. नव्या धोरणाच्या आराखड्यात ओपन इलेक्टिव्ह आणि कौशल्याचे पेपर बरेचदा दोनच क्रेडिटचे असतात आणि आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम त्यांच्याशी तंतोतंत जुळतो. ट्युटोरिअलला जागाच राहत नाही. ओपन इलेक्टिव्हच्या बाबतीत मी आग्रह सोडतो. मूळ विषयाबाहेरचं काहीतरी आवडीने शिकायचं आहे, तिथे दोनओळी सांगतात तसा गट आणि पेनड्राइव्ह पुरेल. पण मेजर विषयाचा दोन क्रेडिटचा पेपर पूर्ण 'स्वयम्'वर टाकू नये, यावर मी ठाम आहे.

रानजाई

मग त्या ट्युटोरिअलच्या ठरावात माझी एक ओळ घाला: हा तास मराठीत घेता येईल आणि विद्यार्थ्याला शंका मराठीत विचारता येईल. लिहून ठेवलं नाही, तर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी 'अभ्यासक्रमाची भाषा इंग्रजी आहे' असं सांगून तिला गप्प बसवेल.